खरी कंबर ओळखणारे डॉक्टर

डॉक्टरसाहेबांची आणि माझी पहिली भेट एका पुसट आकड्यापाशी झाली. मी नुकतीच मराठी फायनल पास झाले होते. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला. पोरगी एवढी शिकली तर तिला शिकल्यासारखे काही काम मिळावे, अशी त्यांची फार इच्छा. म्हणून एका सकाळी ते मला घेऊन डॉ. कुर्लीकरांच्या दवाखान्यात आले. डॉक्टरसाहेबांनी कपाटातली एक बाटली माझ्या हातात दिली आणि तिच्यावरची चिठ्ठी वाचायला सांगितली. ओलाव्याने शाई पसरली होती. मी सगळे वाचले आणि एका आकड्यापाशी अडले.

वडील मागून कुजबुजले, "वाच की गं! काय तरी वाच."

मी म्हणाले, "हा सहा आहे की आठ, मला कळत नाही."

वडिलांनी कपाळाला हात लावला. डॉक्टरसाहेब मात्र खुर्चीतून उठले आणि वडिलांना म्हणाले, "रामभाऊ, उद्यापासून हिला पाठवा. औषधांच्या कपाटाशी 'कळत नाही' म्हणणारं माणूस मिळत नाही हो कुठं."

तेव्हापासून मी त्या दवाखान्यात औषधे द्यायच्या खिडकीच्या आत आहे. मध्ये दाईपणाचा अभ्यास करायला डॉक्टरसाहेबांनीच मला बेळगावला धाडले, तेवढाच खंड. माझे वडील तेव्हा कचरत होते. त्यांना डॉक्टरसाहेबांनी एवढेच सांगितले, "तुमची मुलगी आहे तशीच परत येईल, फक्त थोडी जास्त विचारायला लागेल." ते खरे झाले. माझ्या विचारण्याला घरचे आजही कंटाळतात.

डॉक्टरसाहेबांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, याचा आनंद मला इतका झाला आहे की हा लेख लिहिताना दोनदा दौत सांडली. त्यांनी प्लेगच्या साथीत काय केले, बायाबापड्यांची अवघड बाळंतपणे कशी सोडवली, हे या गौरवग्रंथात माझ्याहून जाणती माणसे लिहितील. मी लिहिणार आहे ते अशा कामाविषयी, ज्यावर दुसरे कुणी लिहील असे मला वाटत नाही. उतारवयात पुरुषाच्या इंद्रियाला ताठरपणा न येणे हा तो विकार. त्याची कारणे कोणती, त्यावर इलाज काय, याचा डॉक्टरसाहेबांनी तीस वर्षे नेटाने शोध घेतला.

हे वाक्य मी एका दमात लिहिले आहे. ग्रंथाच्या समितीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला मायेनेच सुचवले होते, "बाई, एखादं बाळंतपण लिही की. हा विषय बाईमाणसाच्या लेखणीला कसा शोभेल? आणि लिहायचाच झाला तर 'एक विशिष्ट व्याधी' म्हण. 'कंबर' हा शब्द तरी छापू नको." मी फार अस्वस्थ झाले. डॉक्टरसाहेबांना विचारले. ते म्हणाले, "शब्द माझा नाही. ज्यांचा आहे त्यांना विचार. आणि पाहिलंस तेवढंच लिही, मीठमसाला घालू नको." मी त्याप्रमाणे विचारून आले आहे. त्याचे उत्तर काय मिळाले ते ओघाने येईलच. तोवर हा 'कंबर' शब्द कुठून आला ते सांगते.

दवाखान्यात लागून मला थोडेच दिवस झाले होते. एक वयस्क शेतकरी खिडकीशी आले, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "बाई, कंबरंचं औषध द्या." मी पाठीला चोळायच्या तेलाची बाटली काढली. तेवढ्यात आतून डॉक्टरसाहेबांचा आवाज आला, "थांब! कुठली कंबर ते आधी मला विचारू दे." आणि ते स्वतः येऊन त्या गृहस्थांना हाताला धरून आत घेऊन गेले.

मी बुचकळ्यात पडले. रुग्ण गेल्यावर डॉक्टरसाहेबांनी मला समोर बसवले आणि म्हणाले, "औषध तू देणार, तर रोग तुला ठाऊक हवा. लाज वाटली तर खिडकीबाहेर बघ. मी ताप सांगतो तसंच हे सांगतो." मी खिडकीबाहेर पाहत राहिले. समोरच्या अंगणात तंबाखूची पाने वाळत घातली होती. त्यांच्याकडे पाहत मी तो पहिला धडा ऐकला.

आमच्या भागातले पुरुष हे दुखणे कधी त्याच्या नावाने सांगत नाहीत. 'कंबर धरलीया', 'कंबरत जोर न्हाय' असे म्हणतात. डॉक्टरसाहेब पुण्याहून शिकून नवे नवे निपाणीला आले तेव्हा त्यांना हे ठाऊक नव्हते. कुणी कंबर म्हटली की ते कमरेवर औषधी पलस्तर लावून देत. एका पाटलांना त्यांनी लागोपाठ अशी पलस्तरे लावली. शेवटी पाटील वैतागून म्हणाले, "डाक्टर, तुमच्या पलस्तरानं केस उपटून पाठ कशी गुळगुळीत झाली बगा. पन खरी कंबर हाय तशीच हाय!"

ही गोष्ट डॉक्टरसाहेब स्वतःवर हसत सर्वांना सांगतात. त्या दिवशी मात्र त्यांनी पुढचेही सांगितले. पाटील गेल्यावर त्यांना फार ओशाळल्यासारखे झाले. आपण पलस्तर लावून परत पाठवलेली अशी किती माणसे मुकाट घरी गेली असतील आणि तिथून जत्रेतल्या भस्मवाल्याकडे गेली असतील, हा विचार त्यांना सोडीना. पुस्तके उघडली तर बहुतेकांत म्हटलेले, की हे दुखणे मनाचे, नाहीतर तरुणपणीच्या चुकांचे, नाहीतर वयाचे. "तिन्ही उत्तरं एकाच जातीची," डॉक्टरसाहेब म्हणाले, "रोग्याला घरी पाठवणारी. 'वय झालं' हे निदान नव्हे, निदान करायचा कंटाळा आहे." आणि 'नपुंसक' हा शब्द त्यांच्या दवाखान्यात कुणी उच्चारायचा नाही, हा नियम मला त्याच दिवशी कळला.

मग त्यांनी कागदाच्या पाठीवर एक विहीर काढली. त्या चित्राने मला जो आनंद दिला तो आजही ताजा आहे, कारण मी शेतकऱ्याची नात आहे आणि ते चित्र मला एका क्षणात समजले.

विहिरीतले पाणी म्हणजे रक्त. मोट म्हणजे काळीज. पाट म्हणजे रक्तवाहिन्या. वाफ्याच्या तोंडाशी दारं धरणारा गडी उभा असतो. मोटेवरून हाळी, म्हणजे हाक, आली की तो पाटाचे दार मोडतो, पाणी वाफ्यात शिरते आणि वाफा भरला की बांध ते पाणी धरून ठेवतो. हाळी म्हणजे मनातली इच्छा. ती गड्यापर्यंत पोचवणारे ते मज्जातंतू.

"आता सांग," डॉक्टरसाहेब म्हणाले, "वाफा कोरडा राहिला, तर चूक कुणाची?"

मी खूप विचार केला आणि भीत भीत म्हणाले, "ते इथं बसून कसं कळेल? विहिरीपासून वाफ्यापर्यंत चालत जाऊन बघावं लागेल."

डॉक्टरसाहेबांनी टेबलावर थाप मारली. "बास! हेच करायचं आहे. भस्मवाला काय करतो, कोरड्या वाफ्यावर तेल ओततो!"

आणि खरोखर ते दर रुग्णाबरोबर विहिरीपासून वाफ्यापर्यंत चालत जात. तहान किती लागते, लघवीला किती वेळा उठावे लागते, चालताना पोटऱ्या भरून येतात का, पायांना मुंग्या येतात का, तंबाखू, दारू, भांग किती, दुसरे कुठले औषध चालू आहे, घरात कुणाशी बोलणे तुटले आहे का, कुणी गेले आहे का. आणि या सगळ्यांत एक प्रश्न ठरलेला. पहाटे, झोपेत किंवा जाग येताना, ताठरपणा येतो का? येत असेल, तर मोट आणि पाट शाबूत आहेत. हाळीतच काही बिघाड आहे, म्हणजे चिंता, दुःख, भीती. तसे कधीच होत नसेल, तर रक्त, मज्जातंतू, साखर यांच्याकडे पाहायचे. एवढ्याशा प्रश्नाने किती उलगडते!

या प्रश्नामुळे एकदा गंमतही झाली. वखारीतला एक हमाल वाकूनच आत आला. "डाक्टर, कंबर धरली." डॉक्टरसाहेबांनी सवयीने विचारले, "पहाटे काय स्थिती असते?" तो कळवळून ओरडला, "अवं, तंबाखूचं बोद उचलताना उसण भरलीया! तुमी पहाटंचं काय इच्चारताय? पहाटं मी झोपल्यालो असतोय!" डॉक्टरसाहेब इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग पूर्वीची राहिलेली पलस्तरे त्याच्या उपयोगी पडली.

डॉक्टरसाहेबांची सचोटी सांगायची तर एक प्रसंग सांगावा लागेल. येथे पूर्वी शिक्षक असलेले आणि आता बेळगावात टिळकवाडीला मुलाकडे राहणारे एक गुरुजी याच दुखण्यासाठी मुद्दाम सर्व्हिस मोटारीने निपाणीला आले. बेळगावात सारे ओळखीचे, म्हणून. त्यांना झोप येत नाही म्हणून डॉक्टरसाहेबांनीच पूर्वी झोपेचे औषध दिले होते. गुरुजी ते बेळगावच्या दुकानातून तसेच पुढे घेत राहिले होते. डॉक्टरसाहेबांनी बाटलीवरची जुनी चिठ्ठी पाहिली आणि सही आपलीच आहे हे पाहून बाटली गुरुजींपुढे ठेवली. मग म्हणाले, "गुरुजी, तुम्हाला काही झालेलं नाही. हे औषध फार दिवस घेतलं की शरीराची हाळी मंदावते. थांबवा असं सांगायचं मी विसरलो. चूक माझी." गुरुजी उलट त्यांनाच धीर देऊ लागले. औषध हळूहळू कमी करून बंद केले. पुढे गुरुजींचे एक पोस्टकार्ड आले. त्यात एवढेच होते: 'पाऊसपाणी चांगले आहे.' डॉक्टरसाहेबांनी ते वाचले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "मार्चमध्ये!"

आता मी भुजाप्पा अण्णांची हकिकत लिहिते. माझ्या मते डॉक्टरसाहेबांचे सगळे काम या एका हकिकतीत मावते.

दुसरे महायुद्ध चालू होते तेव्हाची गोष्ट. भुजाप्पा अण्णा हे निपाणीजवळच्या खेड्यातले जैन शेतकरी. तंबाखू आणि ऊस करत. पन्नाशी कधीच उलटलेली. ते भर दुपारी, दवाखाना रिकामा असताना आले आणि म्हणाले, "कंबर धरलीया." मी आता शिकले होते. काही न बोलता आतले दार उघडले. आतले बोलणे मी ऐकलेले नाही. भुजाप्पा अण्णांनी मला नंतर सांगितले तेच लिहिते.

डॉक्टरसाहेबांनी सगळे प्रश्न विचारले. भुजाप्पा अण्णा म्हणाले, "तान लई लागतीया. लघवीला बसतो तितं मुंगळं जमत्यात. पायातली चप्पल निसटली तरी कळत न्हाय, लोक मागनं हाक मारत्यात." पहाटेचे विचारल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. तंबाखूचे विचारल्यावर म्हणाले, "पिकवतो, तर चाखाय नको व्हय?" शेवटी डॉक्टरसाहेबांनी विचारले, "आणि कनवटीला काय आहे?" तेव्हा त्यांनी धोतराच्या कनवटीतून एक पुडी काढली. जत्रेतल्या तंबूवाल्याने दिलेले भस्म. त्यांच्या हिरड्या सुजल्या होत्या, तोंडाला सारखी लाळ येत होती. डॉक्टरसाहेब म्हणाले, "यात काय आहे ते मला नक्की सांगता येत नाही. विकणाऱ्यालाही येत नसेल. पाऱ्याचा संशय आहे. हे आजपासून बंद."

मग त्यांनी मला हाक मारली आणि लघवी तपासायला दिली. निळ्या द्रावणात थेंब टाकून मी नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचा हिरवा झाला, हिरव्याचा पिवळा, आणि बघता बघता नळीत विटकरी रंग उतरला. नळी आधीची तर नसेल ना, नीट धुतली होती ना, या शंकेने मी दुसरी नळी घेऊन पुन्हा केले. पुन्हा विटकरीच! इतके दिवस जे कुणी पाप म्हणत होते, कुणी वय म्हणत होते, ते माझ्या हातातल्या नळीत रंग होऊन उभे होते. मी धावतच आत गेले. डॉक्टरसाहेबांनी नळी उजेडात धरली आणि म्हणाले, "भुजाप्पा, मधुमेह. रक्तात साखर वाढली की वर्षानुवर्षं पाटात गाळ बसतो, आणि हाळी पोचवणाऱ्या तंतूंची धारही जाते. वर तुमची चिलीम पाट आवळते."

भुजाप्पा अण्णा नळीकडे बघतच राहिले. "अय्यो," ते म्हणाले, "मी मगाधरनं माझी पापं आठवत बसलोय, आन तुमी साखर म्हणताय!"

डॉक्टरसाहेबांनी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. पाय, डोळे आणि जीव वाचवता येईल. कंबर किती परत येईल ते सांगता येत नाही, असे स्पष्ट सांगितले. इन्सुलिन नावाचे टोचायचे औषध असते, तेही सांगितले. आणि त्याच वाक्यात म्हणाले, "ते जनावराच्या पोटातल्या ग्रंथीतून काढतात. तुम्ही जैन आहात. न सांगता मी टोचणार नाही."

भुजाप्पा अण्णांनी हात जोडले. "मग ते नगो, डाक्टर."

"ठीक. पण तब्येत बिघडत चालली तर मी पुन्हा विचारीन. तेव्हा रागवायचं नाही. आता उरलं ते पथ्य. घरी भाकरी कोण करतं?"

"आमची मंडळी. पद्माक्का."

"मग तुमचं औषध त्यांच्या चुलीवर आहे. त्यांना सांगावं लागेल."

भुजाप्पा अण्णा एकदम उठले. "तिला न्हाय सांगायचं. साखरंचं सांगितलं की ती मुळापातुर इच्चारणार. तुमास्नी माजी आण हाय." डॉक्टरसाहेबांनी शब्द दिला, की आपण होऊन सांगणार नाही. आणि अण्णा काही न ठरवता निघून गेले.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी खिडकीशी एक बाई आल्या. हातात गाठोडे. "पोरी," त्या म्हणाल्या, "आमचं मालक हितं आलतं म्हनं. काय झालंया त्येस्नी?" त्या पद्माक्का होत्या. मी बाटल्या पुसू लागले. त्याच बोलत राहिल्या, "आज कितीक दिस झालं, घरात झोपत न्हाईत. वखारीत झोपत्यात. माल राखतोय म्हणत्यात. चाळीस वर्सांत कवा माल राखला न्हाय तो आत्ता? मला काय कळत न्हाय व्हय? वखारीत कुनी तरी बसवलीया. मी सदलग्याला भावाकडं निगाले. पुन्हा यायची न्हाय."

माझ्या जिभेवर उत्तर होते आणि ते माझे नव्हते. एक शब्द बोलले असते तर त्या थांबल्या असत्या, आणि डॉक्टरसाहेबांनी दिलेला शब्द मोडला असता. मी आत पळाले.

डॉक्टरसाहेब बाहेर आले. "आक्का, सदलग्याची गाडी उद्याही आहे. आजचा दिवस थांबाल?"

"का थांबू? काय ठावं असंल तर सांगा की."

"सांगायचं काम माझं नाही. ज्याचं आहे त्याला घेऊन येतो."

पद्माक्कांना त्यांनी आत माईंकडे, म्हणजे आपल्या पत्नीकडे, स्वयंपाकघरात बसवले. बाकावर रुग्ण होते, त्यांना हात जोडून थांबायला सांगितले आणि टांगा करून स्वतः उन्हातून त्या खेड्याला गेले. वाटेत ते भुजाप्पा अण्णांना काय म्हणाले ते मला ठाऊक नाही. अण्णा एवढेच सांगतात, की डॉक्टर टांगा गावाबाहेर पडायची वाट पाहत होते. मग म्हणाले, "भुजाप्पा, पायातली चप्पल निसटलेली तुम्हाला कळत नाही. आता बायको निसटतेय, ती तरी कळू दे."

दोघे आले. डॉक्टरसाहेबांनी नवराबायकोला आतल्या खोलीत बसवले आणि मला बाहेर यायला खुणावले. पण पद्माक्कांनी माझा हात घट्ट धरला. "ही पोरगी हितंच ऱ्हाऊ द्या. मला एकटीला भ्या वाटतंया." म्हणून पुढचे मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

भुजाप्पा अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले, "कंबर धरलीया."

"मग?" पद्माक्का म्हणाल्या. "मी चोळून दिलं नसतं व्हय? त्येच्यापायी वखारीत निजायचं?"

मला त्या क्षणी कळले, की हा शब्द पुरुषांचाच आहे. चाळीस वर्षे एका चुलीचे खाल्ले, तरी त्यांच्या घरातल्या बाईला त्याचा हा अर्थ ठाऊक नव्हता!

"चोळायची कंबर न्हवं ती," अण्णा म्हणाले.

पद्माक्कांनी माझा हात सोडला. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे... वखारीत..."

"वखारीत तंबाखू हाय आन मी हाय. तिसरं कुनी न्हाय."

पद्माक्कांनी पदर तोंडाला लावला. त्या रडत आहेत की हसत आहेत ते मला कळेना. पदर काढला तेव्हा दोन्ही होते. "आन मी गटुळं बांदून निगालते! अवं, सांगायचं न्हाय व्हय? मी तुमच्या कंबरंसंगं लगीन केलतं का तुमच्यासंगं?"

"तुला सोपं वाटतंय."

"सोपं न्हाय वाटत. पन वखारीतल्या बाईपरास ह्ये लई बरं!"

भुजाप्पा अण्णांच्या चेहऱ्यावर हसू आले ते मी पाहिले. बाहेर डॉक्टरसाहेब दाराशी नव्हते. ते मुद्दाम लांब, बाकावरच्या रुग्णांजवळ जाऊन उभे होते. मी त्यांना बोलावून आणले.

मग साखरेचे सगळे पद्माक्कांना समजावून सांगितले. गूळ बंद, पोळी बंद, पांढरा भात बंद. जोंधळ्याची भाकरी मोजकी, मेथी, पालेभाज्या, डाळ, ताक. रोज शेताला चालत फेरी. "दिवस मावळायच्या आत जेवायचं, हे अर्धं पथ्य तुमच्या धर्मानं आधीच लावून ठेवलंय," डॉक्टरसाहेब म्हणाले, "माझं काम हलकं झालं."

"आन चिलीम?" अण्णांनी विचारले.

डॉक्टरसाहेबांनी तोंड उघडण्याआधीच पद्माक्का म्हणाल्या, "ती मी बंद करते. डाक्टरांनी कशाला तरास घ्यायचा?"

त्या दिवशी गाठोडे सदलग्याला गेले नाही.

त्यानंतर दर बाजाराला पद्माक्का धुतलेल्या बाटलीत लघवी घेऊन येत आणि मी नळी दिव्यावर धरत असे. विटकरीचा नारिंगी झाला, पुढे पिवळा. एकदा पाहुण्यांकडच्या जेवणानंतर पुन्हा विटकरी उतरला, तेव्हा पद्माक्कांनी खिडकीतूनच नवऱ्याला सुनावले, "बगा, तुमी खाल्ल्याली पोळी हितं दिसतीया!" पुढे हिरवा झाला. आणि एक दिवस नळी उकळली, उकळली, पण रंग बदलेचना. निळा तो निळाच! मी नळी हातात घेऊन तशीच बाहेर धावले, वाटेत औषधाचे खल पालथे केले. पद्माक्का घाबरल्या. "निळं म्हंजे चांगलं का वाईट गं?" मी नळीच त्यांच्यापुढे धरली. डॉक्टरसाहेबच म्हणाले, "आक्का, चांगलं. फार चांगलं. हे तुमच्या चुलीचं काम आहे."

कंबरेचे पुढे काय झाले हे विचारण्याचा मला अधिकार नव्हता. ते अण्णांनी आपण होऊन डॉक्टरसाहेबांना माझ्यादेखत सांगितले. "डाक्टर, वखारीतनं गादी घरात आणली. बाकी, कधी आवस, कधी पुनव." डॉक्टरसाहेब म्हणाले, "चंद्र आहे ना? मग झालं." त्यांनी यापुढे काही विचारले नाही. सगळे बरे होते असे ते कधीच म्हणत नाहीत, आणि काही होत नाही असे म्हणून कुणाला परतही पाठवत नाहीत. या दोन्हींच्या मधली जी अरुंद, खरी वाट आहे, तिच्यावरून ते माणसाला हाताला धरून नेतात. मी त्यांच्याकडून औषधे बनवायला शिकले, पण त्यांच्याकडून शिकण्यासारखे खरे काही असेल तर ते हे.

हा लेख लिहायचे ठरले तेव्हा मी भुजाप्पा अण्णांच्या गावी गेले. समितीची शंका सांगितली आणि म्हणाले, "अण्णा, मी तुमचं नाव बदलते. गावही लिहीत नाही. आणि तुम्ही नको म्हणालात तर ही गोष्टच लिहीत नाही."

अण्णा अंगणात पायांना तेल लावत बसले होते. आता ते रोज पाय तपासतात. ते म्हणाले, "गाव नगो लिहू, गावातली मानसं मला पिडतील. पन नाव माझंच घाल. पोरी, ह्या पंचक्रोशीत किती जन कंबर धरून गप बसल्यात ठावं हाय? भुजाप्पानं इच्चारलं आन तो मेला न्हाय, येवढं तरी त्येस्नी कळू दे. आन त्यो शब्द बी तसाच छाप. 'विशिष्ट व्याधी' म्हटलं तर आमच्यातल्या कुनाला कळंल ते?"

आतून पद्माक्का आल्या. "माझं बी नाव घाल. नुस्तं 'त्यांची मंडळी' लिहू नगो. आन माझ्या चुलीचं लिवलंस का?"

लिहिले आहे म्हणून सांगितले तेव्हा त्या खूश झाल्या. मी निघताना त्यांनी डॉक्टरसाहेबांना द्यायला मेथीची जुडी दिली आणि म्हणाल्या, "डाक्टरास्नी साट वर्सं झाली न्हवं? म्हणावं, आमचा आशीर्वाद हाय. कंबर ताठ ऱ्हाऊ दे!"

भुजाप्पा अण्णांनी गालातल्या गालात विचारले, "कुठली गं?"

पद्माक्का लाजल्या नाहीत. "दोन्ही!" त्या म्हणाल्या, आणि आम्ही तिघेही हसत सुटलो.

हा निरोप मी डॉक्टरसाहेबांना जसाच्या तसा पोचवला आहे आणि समितीच्या परवानगीने येथेही जसाच्या तसा ठेवते. याहून मोठी शुभेच्छा मला सुचत नाही. माईंसह त्यांना उदंड आयुष्य लाभो, त्यांच्या नळीतला रंग सदैव निळा राहो. आणि अजून कितीतरी वर्षे, कुणी संकोचलेला म्हातारा खिडकीशी येऊन 'कंबर' म्हणाला आणि माझा हात चुकून तेलाच्या बाटलीकडे गेला, की आतून तो आवाज यावा: "थांब! कुठली कंबर?"